एकाच चरांतल्या दोन तारा

गेल्या आषाढांतील एका संध्याकाळची हकीकत सांगून या महिन्याच्या लेखास आरंभ करणें आम्हांस भाग आहे. आम्ही ज्या धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर आहों, त्याची मुख्य इमारत जिल्ह्याच्या शहरांत असून वीस खाटांची एक शाखा घाटाखालच्या तालुक्याच्या गांवीं आहे. तीन वर्षांपूर्वीं मंडळानें रीतसर ठराव करून रोग्यांचे सर्व कागद संगणकावर चढविले, आणि ते ज्यांत राहतात तो सर्व्हर मुख्य इमारतींत ठेविला. शाखेंतील डॉक्टरांनीं पडद्यावर रोग्याचें नांव घालावें आणि साठ किलोमीटरांवरून त्याचा जुना कागद समोर यावा, अशी सोय झाली. मध्यंतरीं तार तुटली तर काय, ही शंका मंडळांत निघाली होती. आणि हें लिहितांना थोडी लाज वाटते, पण त्या शंकेचें उत्तर आम्हींच मोठ्या आत्मविश्वासानें दिलें होतें. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या दोन तारा घ्याव्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. दोन्ही कंपन्यांचीं बिलें दरमहा आमच्याच सहीनें चुकतीं होत असत.

त्या संध्याकाळीं सातच्या सुमारास मुख्य इमारतीच्या फाटकापासून दोनशें पावलांवर पाण्याच्या नळासाठीं रस्ता खणणें चालू होतें. खणणाऱ्या यंत्राचा पंजा एकदां खालीं गेला आणि आमच्या दोन्ही तारा एकाच झटक्यांत तुटल्या. मागाहून कळलें कीं, दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच चरांत, किंबहुना एकाच नळींतून ओढलेल्या होत्या. बिलें दोन, कंपन्या दोन, तक्रारीचे दूरध्वनि क्रमांक दोन, आणि भोंक मात्र एक!

तिकडे शाखेंत त्याच वेळीं एका तरुण सुनेला पाय सुजून ताप चढल्यामुळें आणलें होतें. पायांत जंतुदोष भिनलेला दिसत होता. डॉक्टरांनीं पेनिसिलिनच्या जातीचें इंजेक्शन लिहिलें आणि तें देण्यापूर्वीं जुना कागद पाहावा म्हणून नांव घातलें, तों पडद्यावर तें गोल चक्र फिरूं लागलें. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं. डॉक्टरांनीं सोबतच्या सासूबाईंस विचारलें, "आजी, हिला पूर्वीं कधीं कोणतें औषध बाधलें होतें का?" आजीबाई म्हणाल्या, "नांव कांहीं मला सांगतां यायचें नाहीं, डॉक्टरसाहेब. पण पहिल्या बाळंतपणांत तुमच्याच मोठ्या दवाखान्यांत एक सुई दिली आणि पोरीच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. तिथल्या सिस्टरबाईंनीं कागदावर तांबड्या शाईनें लिहून ठेवलं होतं बघा."

डॉक्टरांनीं औषध बदललें. रात्रीं अकरा वाजतां तार जोडली गेली तेव्हां कागद उघडला. त्यांत पेनिसिलिनविषयीं तीच नोंद होती, तांबड्या अक्षरांत. मुलगी आठ दिवसांत बरी होऊन घरीं गेली. परंतु आजीबाई त्या दिवशीं घरीं राहिल्या असत्या आणि एखादा अजाण दीर तिला घेऊन आला असता, तर काय झालें असतें, या विचारानें आम्हांस पुष्कळ दिवस धड झोप लागली नाहीं.

कुटुंबाच्या मासिकांत तारांचा आणि सर्व्हरांचा विषय कशाला, असें कोणी विचारील. आमच्या वाचकांपैकीं फारच थोडीं घरें अशीं असतील कीं, ज्यांतील एखादे आजोबा पतपेढीच्या संचालक मंडळावर नाहींत, एखाद्या काकू शाळेच्या कार्यकारिणीवर नाहींत, किंवा एखादा मुलगा अथवा सून संगणकाच्या धंद्यांत नाहीं. धंद्यांतलीं मुलें जें बोलतात तें मंडळावरच्या वडीलधाऱ्यांस कळत नाहीं. आणि वडीलधारे ज्यावर सह्या करितात तें मुलांस कोणी दाखवीत नाहीं. आमच्या बाबतींत नेमकें असेंच झालें. आमचा एक पुतण्या पुण्यास हेंच काम करितो. गेल्या तीन वर्षांत तो दर गणपतीला घरीं आला, मोदक खाऊन गेला, आणि एकदांहि आम्हीं त्याला तो करार दाखविला नाहीं. अपघातानंतर बोलाविलें तेव्हां त्यानें कागद चाळून एकच प्रश्न केला : "काका, कंपन्या दोन घेतल्यात, पण रस्ते दोन घेतलेत का?"

एका इमारतींतील यंत्रें एकमेकांस जोडणें हें माजघरांतून ओटीवर हांक मारण्यासारखें आहे. तार आपली, भिंत आपली, आणि बिघाड झाला तर तोहि आपल्या डोळ्यांसमोर. एका गांवचा सर्व्हर दुसऱ्या गांवच्या माणसांस जोडावयाचा म्हटला कीं, मधला सारा रस्ता परक्याच्या मालकीचा असतो. या दूरच्या जोडणीस इंग्रजींत वाइड एरिया नेटवर्क, संक्षेपानें वॅन, म्हणतात. तिच्यांत पैसा आपला, पण फावडें दुसऱ्याच्या हातीं.

या रस्त्याची गोष्ट आम्ही समजतों तितकी नवी नाहीं. १८७० सालीं मुंबईहून एडनमार्गें सुवेझपर्यंत समुद्रांतून तारायंत्राची तार पडली, आणि ती टाकण्यास 'ग्रेट ईस्टर्न' हें त्या काळचें अजस्र जहाज आलें होतें. आज मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कांचेच्या तंतूंच्या केबली वर येतात. त्यांतील पश्चिमेकडे जाणाऱ्या केबलींपैकीं बहुतेक त्याच जुन्या वाटेनें, तांबड्या समुद्रांतून आणि इजिप्तवरून, युरोपास जातात. ३० जानेवारी २००८ रोजीं अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाशीं दोन मोठ्या केबली तुटल्या. त्या निरनिराळ्या मंडळींच्या होत्या, पण वाट एकच असल्यामुळें हिंदुस्थानांतील इंटरनेटचा मोठा हिस्सा एका दिवसांत लंगडा झाला. २०२४ सालच्या आरंभीं तांबड्या समुद्रांत तीन केबली अशाच एकदम निकामी झाल्या. आमच्या फाटकाबाहेरच्या चरांत आणि त्या समुद्रांत तत्त्वतः कांहींच फरक नाहीं.

तेव्हां तार घेतांना काय विचारावें? वेग आणि दर हे प्रश्न सर्वच विचारतात. आम्ही आतां असें विचारतों : तुमची तार आमच्या इमारतींत कोणत्या बाजूनें शिरते? रस्त्याच्या कोणत्या कडेनें जाते? ती प्रथम कोणत्या केंद्रांत पोहोंचते? ती तुमची स्वतःची आहे कीं दुसऱ्या कंपनीकडून भाड्यानें घेतलेली? या शेवटच्या प्रश्नानेंच आमचें बिंग फुटलें. आमच्या दुसऱ्या कंपनीनें आमच्या गल्लीपुरती तार पहिलीकडूनच भाड्यानें घेतली होती. उत्तर तोंडीं घेऊं नये. नकाशा मागावा, आणि "दोन्ही मार्ग इमारतीपासून केंद्रापर्यंत वेगळे आहेत" हें वाक्य करारांत लिहून घ्यावें. दुसरा खणलेला रस्ता मिळतच नसेल तर दुसरी जोडणी हवेंतून घ्यावी. गच्चीवर लहान तबकडी बसवून जवळच्या मनोऱ्याशीं बिनतारी संबंध जोडतां येतो, आणि अगदींच अडचण असेल तर मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटरहि कागद पाहण्यापुरता भागवून नेतो. वीज कडाडली कीं बिनतारी जोडणी थरथरते हें खरें. पण चर खणणाऱ्यास ती सांपडत नाहीं. खणणाऱ्यांनीं आधीं पुसावें म्हणून केंद्र सरकारनें मार्च २०२३ मध्यें 'कॉल बिफोर यू डिग' नांवाची सोयहि काढली. आमच्या गल्लींतील मुकादमास तिचें नांव ठाऊक नव्हतें.

तारेच्या जातीविषयीं थोडक्यांत सांगतों. घरोघरीं जी ब्रॉडबँड असते तींत जाहिरातींतला वेग हा 'इतकापर्यंत' असा असतो, आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत वांटलेली असते. शिवाय कांहीं योजनांत उतरता वेग मोठा आणि चढता वेग लहान असतो. घरीं चित्रपट पाहणाऱ्यास तें चालतें, कारण तो घेणारा आहे. ज्या इमारतींत सर्व्हर आहे ती मात्र देणारी आहे. शाखेस जो कागद उतरतो तो मुख्य इमारतींतून चढलेला असतो. म्हणून सर्व्हरच्या जागीं चढता वेग पाहून तार घ्यावी. लीज्ड लाइन म्हणतात तींत दोन्ही दिशांस सारखा वेग आपल्यासाठीं राखून ठेवलेला असतो आणि बिघाड किती तासांत दुरुस्त होईल याचें वचन असतें. ती कितीतरी महाग पडते. आमच्या मतें लहान संस्थेनें दोन महागड्या लीज्ड लाइनी घेण्यापेक्षां एक लीज्ड लाइन आणि खऱ्याखुऱ्या वेगळ्या वाटेची एक स्वस्त जोडणी घ्यावी.

आतां एका गोष्टीवर आम्ही जरा रेंगाळणार आहों, कारण तिच्यामुळें आमचे सहा महिने आणि बराच पैसा वायां गेला होता. सर्व्हर मुख्य इमारतींत गेल्यावर शाखेंतून तक्रार सुरू झाली कीं, कागद उघडण्यास आठ-दहा सेकंद लागतात. आम्हीं वेग दुप्पट केला. फरक नाहीं. पुन्हां दुप्पट केला. तरीहि नाहीं! कंपनीचा माणूस येऊन मोजून दाखवी कीं पैशांइतका वेग मिळतो आहे, आणि तो खोटें बोलत नव्हता. आमच्या पुतण्यानें त्याचा उलगडा अर्ध्या तासांत केला. वेग म्हणजे रस्त्याची रुंदी. पण एक खेप जाऊन येण्यास किती वेळ लागतो हा अगदीं निराळा प्रश्न आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. त्या हिशेबानें साठ किलोमीटर जाऊन येण्यास एक सहस्रांश सेकंदसुद्धां लागूं नये. परंतु आमच्या दोन गांवच्या कंपन्या वेगळ्या असल्यामुळें शाखेंतील अक्षर आधीं मुंबईस जाई, तेथें एका कंपनीच्या जाळ्यांतून दुसरीच्या जाळ्यांत शिरे आणि मग घाट चढून मुख्य इमारतींत येई. मधल्या प्रत्येक यंत्रानें आपला कर घेऊन एका खेपेस तीस सहस्रांश सेकंद होत. हेंहि डोळ्यांस कळणारें नव्हे. खरी मेख पुढेंच आहे. आमची प्रणाली एक कागद उघडण्यासाठीं सर्व्हरला सुमारें तीनशें वेळां लहान लहान प्रश्न विचारी : नांव काय, वय काय, पत्ता काय, आणि एकाचें उत्तर आल्यावांचून दुसरा विचारीत नसे. तीनशें खेपा, प्रत्येकीस तीस सहस्रांश, म्हणजे नऊ सेकंद. एकाच इमारतींत खेपेस अर्धा सहस्रांश लागे तेव्हां हेंच काम पाव सेकंदाच्याहि आंत होई, म्हणून प्रणाली बनविणाऱ्यास त्याची कधीं जाणीवच झाली नाहीं. वाण्याकडे तीनशें जिन्नस आणावयाचे असतां प्रत्येक जिन्नसासाठीं स्वतंत्र हेलपाटा घालणाऱ्या गड्यास रुंद रस्ता करून देऊन काय उपयोग? यादी एकदम दिली पाहिजे. अखेर प्रणाली शाखेंत न चालवितां सर्व्हरच्या शेजारच्या यंत्रावरच चालवावी आणि शाखेस केवळ पडदा दिसावा, अशी व्यवस्था केली, आणि वेग पुन्हां निम्म्यावर आणून बिल कमी केलें.

ज्यांच्या संस्थांचीं कामें परदेशाशीं आहेत त्यांनीं हा हिशेब अधिकच ध्यानीं धरावा. मुंबई-लंडन अंतर सरळ रेषेंत सात हजार किलोमीटरांहून अधिक आहे. प्रकाशासहि जाऊन येण्यास सत्तर सहस्रांशांहून अधिक लागतातच, आणि केबल सरळ रेषेंत जात नसल्यामुळें प्रत्यक्षांत शंभराच्या वर. जुन्या रीतीप्रमाणें पोंच येईपर्यंत चौसष्ट किलोबाइटांहून अधिक माल वाटेवर ठेवतां येत नसे. १२० सहस्रांशांच्या खेपेस त्या रीतीनें सेकंदाला साडेचार मेगाबिटांच्या आंतच काम होई, मग तार कितीहि मोठी असो. १९९२ सालीं ही मर्यादा वाढविण्याची रीत ठरली आणि आजचीं यंत्रें ती पाळतात. पण एखादी जुनी फायरवॉल मध्यें बसून ती सवलत कापून टाकते, असा अनुभव धंद्यांतील लोक सांगतात.

शाखा आणि सर्व्हर यांमधली वाट सार्वजनिक इंटरनेटवरून जाते, म्हणून तिच्यावर एक बंदिस्त भुयार बांधावें लागतें. त्यास व्हीपीएन म्हणतात. पाकीट मोहोरबंद करून दुसऱ्या पाकिटांत घालावें, तसाच हा प्रकार आहे. रोग्यांचे कागद या भुयारावांचून एक पाऊलहि बाहेर पडतां कामा नये. घरून काम करतां यावें म्हणून सर्व्हरचा पडदा उघड्या इंटरनेटवर लावून ठेवणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. चोराच्या सोयीसाठीं वाड्याचा दिंडीदरवाजा सताड उघडा ठेवण्याचाच हा मासला होय.

भुयार बांधतांना आमच्याकडे एक गंमत झाली. खासगी जाळ्यांसाठीं कांहीं पत्ते १९९४ पासून सर्वांस मोकळे ठेवलेले आहेत : १० नें सुरू होणारे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. ते कोणींहि आपल्या घरांत वापरावे. कारखान्यांतून येणारे पुष्कळसे राउटर १९२.१६८.१ ही मालिका लावूनच येतात. आमच्या मुख्य इमारतींतहि तीच होती, शाखेंतहि तीच. भुयार जोडलें, दिवे लागले, आणि कागद कांहीं जाईना, कारण "१९२.१६८.१.१० कडे जा" म्हटलें कीं शाखेंतील यंत्र आपल्याच घरांत तो पत्ता शोधी. एकाच पेठेंत दोन 'वाडा क्रमांक १' असले म्हणजे पोस्टमननें करावें काय? शाखेचे पत्ते १०.२०.२ या मालिकेंत बदलले तेव्हां काम सुरळीत झालें. नवी शाखा उघडणाऱ्यांनीं आरंभींच एका कागदावर प्रत्येक जागेस वेगळी मालिका लिहून ठेवावी. हें काम फुकट असतें. मागाहून करणें महाग पडतें.

याहून चमत्कारिक दुखणें पुढेंच होतें. भुयार सुरू झाल्यावर रोग्याचें नांव दिसे, वय दिसे, पण क्ष-किरणाचें चित्र मात्र अर्ध्यावर अडकून पडे. कंपनी म्हणे तार ठीक. प्रणालीवाले म्हणत प्रणाली ठीक. कारण अगदीं साधें निघालें. जाळ्यावर जाणारें प्रत्येक पॅकेट साधारणतः १५०० बाइटांपर्यंत मोठें असतें. घरगुती जोडणींतील ओळखीची रीत त्यांतील आठ खाते, म्हणून १४९२ उरतात. भुयाराचें मोहोरबंद पाकीट आणखी पन्नास-साठ किंवा अधिक खातें. लहान चिठ्ठ्या भुयारांतून सहज जातात, १५०० ची पेटी मात्र तोंडाशींच अडते. अशा वेळीं अडविणारें यंत्र पाठविणाऱ्यास उलट निरोप धाडतें कीं, पेटी लहान कर. आमच्या फायरवॉल बसविणाऱ्यानें सुरक्षिततेच्या अति उत्साहांत तो निरोपच बंद करून टाकला होता! पाठविणारा बिचारा तीच मोठी पेटी पुन्हां पुन्हां धाडीत बसे. भुयारापुरतें माप १४०० च्या आसपास ठरवून दिलें आणि तो निरोप मोकळा केला, तेव्हां चित्रें दिसूं लागलीं. नांव दिसतें पण चित्र येत नाहीं, लहान पत्र जातें पण जोडपत्र अडतें, अशी तक्रार कोठेंहि ऐकली तर हें कारण आधीं पाहावें.

एक तार गेली असतां दुसरीवर काम आपोआप जाणें, ही व्यवस्थाहि नुसत्या दोन तारांनीं होत नाहीं. पहिली गोष्ट, राउटरला तार मेली हें कळलें पाहिजे. पुष्कळ राउटर आपल्या पाठीमागचा दिवा जळतो आहे एवढेंच पाहतात. तार कंपनीच्या पेटीपर्यंत जिवंत असून पुढें शहरांत तुटली, तर दिवा जळतच राहतो आणि राउटर सुखानें मेलेल्या तारेंत कागद ओतीत बसतो. म्हणून त्यास सांगावें कीं, दर कांहीं सेकंदांनीं दूरच्या दोन ठिकाणीं हांक मारून पाहा. दोन्हीकडून तीन वेळां उत्तर आलें नाहीं तर दुसरी तार घे, आणि पहिली पुन्हां जिवंत झाली तरी पांच-दहा मिनिटें खात्री करून मगच परत जा. नाहीं तर तार लुकलुकूं लागली कीं राउटरहि तिच्याबरोबर येरझारा घालतो. दुसरी गोष्ट, दुसऱ्या तारेचा बाहेरचा पत्ता निराळा असतो. शाखेच्या राउटरमध्यें त्या पत्त्याचें दुसरें भुयार आधींच बांधून ठेवलेलें असलें पाहिजे. तिसरी गोष्ट सर्व्हरची. आमच्या सर्व्हरला जाळ्याचीं दोन तोंडें होतीं आणि उत्साही तंत्रज्ञानें दोन्हींस 'बाहेर जाण्याचा दरवाजा' म्हणून वेगवेगळे पत्ते दिले होते. परिणाम असा कीं, प्रश्न पुढच्या दारानें येई आणि उत्तर मागच्या दारानें जाई. मागच्या दारावरची फायरवॉल म्हणे, या संभाषणाची मला माहिती नाहीं, आणि तें टाकून देई. सर्व्हरला बाहेरचा दरवाजा एकच ठेवावा; कोणती तार वापरावयाची हा निवाडा राउटरनें करावा.

मोठमोठ्या कंपन्यांत हा निवाडा बीजीपी नांवाच्या रीतीनें होतो. १९८९ सालीं दोघां अभियंत्यांनीं जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर तिचा आराखडा मांडला, असें तिच्या इतिहासांत सांगतात. प्रत्येक जाळें शेजाऱ्यास ओरडून सांगतें कीं, हे हे पत्ते माझ्याकडून गांठतां येतील. आणि शेजारी बहुधा विश्वास ठेवितो. विश्वासाची ही रीत कोठवर पोहोंचते पाहा. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीनें आपल्या देशापुरतें यूट्यूब बंद करण्यासाठीं त्याचे पत्ते स्वतःकडे असल्याची घोषणा केली. ती घोषणा चुकून बाहेरच्या जगांत गेली, आणि सुमारें दोन तास जगाच्या मोठ्या भागांतील यूट्यूबचे प्रेक्षक पाकिस्तानकडे वळून तेथेंच गडप झाले.

याहून आमच्या घरोघरच्या आठवणींतली रात्र म्हणजे ४ ऑक्टोबर २०२१ ची. रात्रीं नऊनंतर व्हॉट्सअॅप मुकें झालें, आणि परदेशीं असलेल्या मुलांच्या आईबापांनीं किती दूरध्वनि फिरविले तें त्यांनाच ठाऊक. फेसबुकच्या अभियंत्यांनीं देखभालीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें त्यांचीं सारीं मोठीं केंद्रें जोडणारें जाळेंच खालीं आलें. चुकीची आज्ञा अडविणारें साधन होतें, पण त्यांतहि दोष होता. केंद्रें दिसेनाशीं झालीं तेव्हां पत्ते सांगणाऱ्या त्यांच्या यंत्रांनीं आपल्या बीजीपी घोषणा मागें घेतल्या, आणि कंपनी जगाच्या नकाशावरून सुमारें सहा तास नाहींशी झाली. दुरुस्त करणाऱ्यांचीं स्वतःचीं साधनेंहि त्याच जाळ्यावर होतीं. म्हणजे किल्ली कुलूपबंद खोलींतच राहिली होती.

हें वाचून आम्हीं आमच्याकडे पाहिलें, तों राउटरांचे सांकेतिक शब्द, कंपन्यांचे तक्रार क्रमांक आणि तारांचे नोंदणी क्रमांक ही सर्व माहिती त्याच सर्व्हरवर! आतां ती हातानें लिहिलेल्या एका वहींत असून एक प्रत शाखेच्या तिजोरींत आणि एक चिटणीसांच्या घरीं आहे. राउटरास मोबाइल सिमवरून बाहेरून पोहोंचण्याची एक स्वतंत्र, अरुंद वाट ठेवली आहे. विजेची सोय पाहिली. सर्व्हरला यूपीएस होता, पण राउटर मात्र भिंतींतल्या साध्या खोबणीवर होता. वीज गेली कीं सर्व्हर जागा आणि रस्ता झोपलेला.

आणि परीक्षा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं, रोगी कमी असतां, दुपारीं तीन वाजतां चिटणीस स्वतः पहिल्या तारेची गांठ हातानें काढतात आणि शाखेंतून एक कागद उघडून पाहतात. पहिल्या परीक्षेंत दुसरी तार उठलीच नाहीं. तिचें बिल थकल्यामुळें ती तीन आठवडे बंद होती, आणि हें कोणास ठाऊकहि नव्हतें. दुसऱ्या परीक्षेंत चाळीस सेकंदांत काम वळलें. तज्ज्ञ म्हणतील हें फार झालें. आम्हांस तें पुरेसें आहे.

तरीहि दोन्ही तारा एकदम जाण्याचा दिवस पुन्हां येऊं शकतो, हें गृहीत धरून शाखेंत एक लहान यंत्र ठेविलें आहे. दर रात्रीं त्यावर त्या भागांतील रोग्यांचे ठळक तपशील उतरतात : नांव, रक्तगट, चालू औषधें, आणि कोणतें औषध बाधतें. फक्त वाचण्यासाठीं, लिहितां येत नाहीं. या सर्वांस किती खर्च आला तें मंडळाच्या हिशेबांत आहे. वेग निम्मा केल्यामुळें बिलांत जी बचत झाली तींतूनच त्याचा बराचसा भाग निघाला.

गच्चीवरच्या बिनतारी तबकडीचें काम मात्र हा मजकूर छापखान्यांत जाईपर्यंत पुरें झालेलें नाहीं. मनोऱ्याची नजर शेजारच्या वाड्यांतील आंब्याच्या झाडाआड येते, आणि तो आंबा तोडण्यास त्या घरच्या आजोबांची संमति नाहीं. आमचीहि फारशी नाहीं. तबकडी सहा फूट उंच खांबावर चढवितां येईल का, हें पाहण्यास मिस्त्री पुढील आठवड्यांत येणार आहे.